आधी दिवा, मग बटण

"आधी दिवो, मगे बटण. आणि जाताना सगळी बटणां बंद. इसारलंस तर माका जाब दिवचो लागतलो, गंगाराम!"

हा आवाज हडकरभाऊंचा. मच्छीमार संघाचे ते जुने मॅनेजर. एका वर्षी वीज पडून कचेरीतले दोन संगणक जळाले, तेव्हापासून त्यांनी ही शिस्त घालून दिली होती. भाऊंना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचा फोटो आतल्या खोलीच्या दाराशी, गणपतीच्या शेजारी लागला. भाऊ होते तोवर आठवड्यातून दोनदा तरी विसरणारा शिपाई गंगाराम त्यानंतर एक दिवसही चुकला नाही. जिवंत साहेबाला कारणं सांगता येतात, फोटोला काय सांगणार?

सत्यवतीबाईंना मात्र गंगारामचा हा नेम आवडायचा. त्या स्वतः नेमाच्या बाई. संघात चोवीस वर्षं आवक-जावक आणि सभासदांच्या नोंदी सांभाळत आलेल्या. बोलणं इतकं हळू, की पलीकडच्या टेबलावरच्या रमीझला पुढे वाकून ऐकावं लागे. त्या रोज पावणेदहाच्या आत येत, चपला दाराशी काढत आणि खुर्चीत बसून वहीत एकशे आठ वेळा रामनाम लिहीत. ते पुरं होईपर्यंत तोंडातून शब्द नाही. मग संगणक, मग जग. वहीच्या पानाखाली तारीख, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ. चोवीस वर्षांची सवय, देवाकडचं टपालसुद्धा त्या नोंद करूनच पाठवत.

"काकी, रामाकडसून पोच येता काय हो?" रमीझ विचारी.

"येते. पण तुझ्यासारखीच उशिरा."

रमीझ रोज दहा वीसला येई. त्याच्या उशिराला कचेरीत घड्याळाइतका मान होता.

तर संगणकांचं असं होतं. दोन वर्षांपूर्वी कुडाळच्या सारिकानं येऊन सगळे संगणक एकमेकांना जोडून दिले आणि आतल्या खोलीत सर्व्हर नावाचं काळं कपाट बसवलं. तेव्हा तिनं सगळ्यांना समजावलं होतं, "तुमच्या फायली आता या संगणकात नाहीत, आत सर्व्हरवर आहेत. तिथे प्रत्येकाची एक खोली आहे. तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकलात की ती आपोआप तुमच्या पडद्यावर येऊन उभी राहते." पडद्यावर त्या खोलीला 'एच' असं अक्षर होतं. सारिका तिला होम ड्राइव्ह म्हणे. कचेरीनं दुसऱ्याच दिवसापासून 'घर' म्हणायला सुरुवात केली.

सत्यवतीबाईंच्या घरात एक मोलाची गोष्ट होती. संघाची जुनी सभासद रजिस्टरं वाळवीनं खाल्ली होती. ती मातीत जायच्या आधी बाईंनी दीड वर्ष खपून, एकेक नाव भिंगातून वाचून, संगणकातल्या यादीत उतरवून घेतलं होतं. आता कोण कुठल्या होडीवर किती वर्षं होता, हे सांगणारी दुसरी जागा उरली नव्हती.

सोमवारी दुपारी खैरुन्निसा आली. बरोबर तिची मुलगी अरिबा. मसुऱ्याच्या पुढे खाडीकाठच्या मोहल्ल्यात त्यांचं घर. नवरा निजाम तांडेल एकोणीस वर्षं होडी हाकून चार वर्षांपूर्वी आजारानं गेला. खैरुन्निसा सुक्या मासळीच्या खळ्यावर कामाला जाते.

"सत्यवतीबाय, माझ्या चेडवाचां एक काम करशात?" तिनं बसायच्या आधीच विचारलं.

"बस तर खरी. अरिबा, काय गो?"

अरिबानं कागद पुढे केला. "मत्स्यविज्ञानाच्या पदविकेला नंबर लागलाय, मावशी. मच्छीमार कुटुंबाच्या जागेवर. शुक्रवारी सकाळी कागद तपासणार आहेत. बाबा संघाचे सभासद होते, त्याचा दाखला पाहिजे. नसला तर जागा पुढच्या नंबराला."

"नि हिचो बापूस काय ठेवन गेलो? एक रेनकोट नि हिका शिकय म्हणान सांगणां," खैरुन्निसा म्हणाली. "ता तरी पुरा होवंदे."

सत्यवतीबाईंनी यादी उघडली. निजाम तिथे होता, होडीच्या नावासकट, वर्षासकट. त्यांनी लगेच दाखला टाइप केला आणि आपल्या घरात ठेवला. सही मात्र मॅनेजरची हवी, आणि नवे मॅनेजर दीपेश मयेकर ओरोसला बैठकीला गेलेले.

"मी गुरुवारी येव?" खैरुन्निसानं विचारलं. "पण खळ्यार माजो खाडो पडतलो."

"तू येऊ नकोस. गुरुवारी दिवस मावळायच्या आत कागद तुझ्या हातात. मी आणून देते."

खैरुन्निसानं त्यांच्याकडे बघितलं आणि उठली. सत्यवतीबाईंच्या शब्दाला पावती मागायची पद्धत त्या मोहल्ल्यातही नव्हती.

मंगळवारी साहेब साडेदहाला येऊन अकराला पुन्हा जाणार होते. त्यांना आल्या आल्या गाठायचं, म्हणजे कागद छापून तयार हवा. म्हणून चोवीस वर्षांत पहिल्यांदा सत्यवतीबाईंनी वही बाजूला ठेवली. पावणेदहाला आधी संगणक चालू केला, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडदा उजळला.

घर नव्हतं.

बाकी सगळं होतं. मागचं कमळाचं चित्र होतं, कचऱ्याची टोपली होती. घराची जागा तेवढी मोकळी. निजाम, त्याची होडी, त्याची एकोणीस वर्षं, सगळी यादी गेलेली. बाईंनी डोळे मिटले, उघडले. मग वही घेतली आणि नाम लिहायला बसल्या. मनात एकच, देवाला मागे ठेवलं, देवानं दार लावलं.

दीपेश मयेकर तरुण होते, पुण्याला व्यवस्थापन शिकून आलेले, आणि त्यांचा कार्यपद्धतीवर फार विश्वास. बाईंनी सांगताच ते धावत आले आणि दोन्ही हात पसरून टेबलासमोर उभे राहिले.

"हात लावू नका! कुणीही बंद-चालू करायचं नाही. आहे तसं ठेवा. तज्ज्ञांना मूळ अवस्थेत दिसलं पाहिजे."

"साहेब, मी रमीझच्या संगणकावर माझं नाव टाकून बघू का? सारिका म्हणाली होती, कुठेही..."

"बाई, एकमेकांच्या संगणकावर बसायचं नाही. आपलं धोरण आहे."

ते धोरण साहेबांनीच केलं होतं, आणि ते मोडायची वेळ येईपर्यंत कोणाला त्याचा त्रास नव्हता. साहेबांनी सारिकाला फोन लावला. ती म्हणाली, एकदा बंद करून चालू करा. साहेब म्हणाले, हे फोनवरचे उपचार नकोत, प्रत्यक्ष या. मग एका कागदावर मोठ्या अक्षरात 'हात लावू नये' लिहून तो पडद्यावर चिकटवला गेला. संध्याकाळी गंगारामनं त्याच्या शिस्तीप्रमाणे सगळी बटणं बंद केली, तेव्हा मूळ अवस्थाही त्यांच्याबरोबर बंद झाली. याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

बुधवारी भर बाराला सारिका स्कूटरवरून आली. कागद उचलून बटण दाबलं, बाईंना नाव टाकायला लावलं. घर होतं. जिथल्या तिथे.

"आहे की, काकी!"

"तू काय केलंस?"

"चालू केलं."

साहेबांना हे पटलं नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी आपण तज्ज्ञ बोलावला, हे कोणत्याच कार्यपद्धतीत बसेना. सारिकानं खोकल्यासाठी नेलेल्या आणि डॉक्टरसमोर न खोकणाऱ्या पोराकडे बघावं तसं संगणकाकडे बघितलं. तिकडे सत्यवतीबाईंनी दाखला उघडला, छापायला हात पुढे केला, आणि लाईट गेली.

ती आली संध्याकाळी सव्वापाचला, कचेरी बंद झाल्यावर. इन्व्हर्टरवर सर्व्हर होता आणि साहेबांचा पंखा. सारिका 'दोष आढळला नाही' असा कागद भरून कधीच कुडाळला परतली होती.

गुरुवारी सत्यवतीबाईंचा उपास. त्या साडेनऊलाच आल्या. वहीकडे बघितलं, संगणकाकडे बघितलं. दिवस मावळायच्या आत, असा शब्द दिलेला. देव समजून घेईल, असं मनाशी म्हणाल्या आणि बटण दाबलं.

देवानं समजून घेतलं नाही. घर नव्हतं.

सारिका फोनवर म्हणाली, आता सोमवारशिवाय जमणार नाही, पण तुम्ही... साहेबांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. फोन ठेवून ते खिडकीपर्यंत गेले, परत आले.

"तर्कानं विचार केला तर," ते म्हणाले, "तज्ज्ञांना दोष सापडत नाही, म्हणजे दोष तांत्रिक नाही."

"मगे?" रमीझनं विचारलं.

साहेब जरा अडखळले. पुण्याचं शिक्षण एकीकडे आणि आजोळ मालवणचं दुसरीकडे. "देवाला गाऱ्हाणं घालून बघायला काय हरकत आहे?"

कोणाचीच नव्हती. गाऱ्हाणं घालण्यात गंगारामचा हात तालुक्यात कोणी धरणार नाही. होडी पाण्यात लोटताना, नवं जाळं काढताना त्यालाच बोलावतात. त्यानं हातपाय धुतले, टॉवेल खांद्यावर घेतला, उदबत्ती लावली. बाईंचा संगणक पुन्हा बंद केला गेला, देवाला कोरी पाटी मिळावी म्हणून. सगळे उभे राहिले. गंगारामनं डोळे मिटले आणि ज्या आवाजात तो एरवी चहाला किती जण विचारतो त्यापेक्षा तिप्पट आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! बाजारातल्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां कामधंदो सोडून तुझ्या पायाकडे उभी ऱ्हवली आसत, तेंची हाक आयक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज रमीझचा.

"आमच्या सत्यवतीबायचा संगणकातला घर कोणी दडवल्यान, कोणाची वाकडी नजर पडली, ता आमका म्हायत नाय. तुका म्हायत आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या कोणाचो हात ह्या कामात आसात, तेचो हात जाग्यार धर, नि तेका सरळ वाटेक लाव रे म्हाराजा!" असं म्हणत गंगारामनं आपला उजवा हात आढ्यापर्यंत उंचावला.

"व्हय म्हाराजा!"

"घर मेळला, तर सत्यवतीबाय आजच्या आज तुका नारळ ठेवतली रे म्हाराजा!"

सत्यवतीबाईंनी डोळे उघडले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पण तोवर चौघा-पाचांचा होकार आढ्याला जाऊन आदळलाही होता.

संगणक चालू केला. नाव टाकलं. घर आलं.

मग काय विचारता! रमीझनं शिटी मारली. साहेबांनी गंगारामचे दोन्ही हात धरले. बाईंनी मात्र एका क्षणाची उसंत न घेता दाखला छापला, दोन प्रती, आणि साहेबांचा हात मोकळा होताच त्यात पेन दिलं. सही झाली, शिक्का बसला, जावक क्रमांक पडला. निजाम तांडेलाची एकोणीस वर्षं पाकिटात गेली.

दुपारी सगळे डबे घेऊन बसले. उपास असल्यामुळे सत्यवतीबाईंना वेळ होता. त्यांनी वही काढली. मन शांत व्हायला हवं होतं, होत नव्हतं. पानांखालच्या नोंदी त्यांनी बघितल्या. सोमवारपर्यंत रोज नऊ चाळीस ते दहा पाच, मग संगणक. तेव्हा घर रोज होतं. मंगळवारी आणि आज आधी संगणक, मग नाम. घर नाही. अर्थ सरळ दिसत होता. शिक्षा.

"काय बघतास काकी?" रमीझनं डबा पुसत विचारलं.

"तुझं घर कधी गेलं होतं का रे?"

"माझां? नाय बा. मी इलंय काय आसताच. दहा वीसाक येवा, नाव घाला, घर हजर."

सत्यवतीबाई थांबल्या. देव आपल्यावर रागावला असेल, हे त्या मान्य करायला तयार होत्या. पण तोच देव रमीझच्या उशिरावर रोज प्रसन्न होतो, हे त्यांना काही केल्या पटेना. आणि काल सारिकानं तर भर दुपारी, कोणाचंही नाव न घेता, घर आणलं होतं. राम असा नाही. चोवीस वर्षांच्या ओळखीवर एवढं त्या सांगू शकत होत्या. मग उरलं काय? उरली वेळ. दहाच्या आधी नाही, दहाच्या नंतर आहे.

दहाला कचेरीत काय होतं?

मौनात बसणाऱ्या माणसाला आवाज पाठ असतात. नव्वदाव्या नामाच्या सुमाराला आतल्या दाराशी काडी ओढल्याचा आवाज येतो, मग घंटी, मग एक बारीकशी 'टक'. दोन वर्षं ती टक त्या रोज ऐकत आल्या होत्या आणि दिवा लागला असं समजत आल्या होत्या. पण दिवा लावताना टक कशी होईल?

त्या उठून आतल्या खोलीशी गेल्या. गंगाराम स्टुलावर बसला होता. सकाळपासून त्याला तीनदा चहा मिळाला होता, आणि त्यातला एक साहेबांनी स्वतः आणून दिला होता.

"गंगाराम, दिवा लावलास की रोज एक बटण दाबतोस ना? ते कशाचं रे?"

"ता? ता भाऊंचा बटण." त्यानं भिंतीवरचा एक पांढरा डबा दाखवला. हिरवे दिवे लुकलुकत होते, आणि सगळ्या टेबलांकडून आलेल्या निळ्या वायरी त्याच्यात शिरल्या होत्या. "सर्व्हराक हात लावू नको, म्हणान सारिकाबाय बजावन गेली. ह्या डब्याचा कोण काय बोलूक नाय. म्हणान ह्यो मी सांजचो बंद करतंय, सकाळी दिवो लावन चालू करतंय. दोन वर्सांत एक दिस चुकाक नाय, बाय. तुमका म्हायतच आसा."

"माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या.

व्हरांड्यात जाऊन त्यांनी सारिकाला फोन केला. "सारिका, मी नाव टाकते तेव्हा तो भिंतीवरचा डबा बंदच असेल, तर काय होतं गो?"

सारिका पलीकडून जवळजवळ ओरडलीच. "अग्गोबाई! काकी, संगणक तुम्हाला जुन्या ओळखीवर आत घेतो, पण सर्व्हरशी गाठच पडत नाही. मग घर जोडणार कुठून? आणि डबा नंतर चालू झाला तरी तो परत बघायला जात नाही, पुन्हा नाव टाकावं लागतं. पण डबा बंद कोण करतं?"

"ते राहू दे."

"एक सेटिंग असतं. सर्व्हर भेटेपर्यंत थांब, घाई करू नको, असं संगणकाला सांगून ठेवायचं. सोमवारी येते नि करते. पण तुम्ही शोधलंत कसं?"

"वहीत लिहिलेलं होतं."

साहेबांना सांगणं कर्तव्य होतं, म्हणून त्या आत गेल्या. साहेब संचालक मंडळासाठी ठराव लिहीत होते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कचेरीत गाऱ्हाणं घालण्यात यावं. बाईंनी हळू आवाजात वेळेची गोष्ट सांगितली. डबा कोण बंद करतं, ते सांगितलं नाही. साहेबांनी पुढे वाकून ऐकलं.

"असेल, बाई, तांत्रिक बाजू असतेच. पण आपण परिणाम बघायचा. गाऱ्हाणं घातलं, घर आलं." आणि त्यांनी ठरावाखाली रेघ मारली.

'ज्या कोणाचो हात ह्या कामात आसात' हे गाऱ्हाण्यातलं वाक्य बाईंच्या मनात घोळत होतं. सत्यवतीबाई परत आतल्या खोलीशी आल्या तेव्हा गंगाराम भाऊंच्या फोटोवरची धूळ त्याच हातानं पुसत होता. त्याला सांगावं? तुझ्याच नेमानं माझं घर बंद होत होतं, म्हणावं? खरं होतं. पण खरं होतं म्हणून ते त्याच्या तोंडावर टाकलंच पाहिजे, असा नेम त्यांनी कधी घेतला नव्हता.

"गंगाराम, उद्यापासून दिवा साडेनऊला लावशील?"

"कित्याक ओ बाय?"

"मी नाम सुरू करते तेव्हा दिवा लागलेला असावा, असं वाटतं."

हेही खरंच होतं. मनातली जुनीच इच्छा. फक्त ती आजच ओठांवर का आली, एवढं त्यांनी आत ठेवलं. गंगारामनं फोटोकडे बघत बराच विचार केला.

"पण आधी दिवो, मगे बटण. तां तसांच ना?"

"तसंच. आधी दिवाच."

"मगे भाऊ काय बोलूचे नाय," तो म्हणाला आणि मोकळा हसला.

चार वाजता सत्यवतीबाईंनी अर्ध्या रजेची चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर ठेवली. पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी वहीत, वही पर्समध्ये. रमीझनं गाडीवरून सोडतो म्हटलं, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. बाजारात वळल्या आणि नारळाच्या ढिगाशी थांबल्या. चांगला शेंडीचा, पाणी वाजणारा नारळ निवडून घेतला.

एस.टी. स्टँडच्या अलीकडे वळणावर राखणदाराची घुमटी आहे. त्यांनी चपला काढल्या, नारळ ठेवला, हात जोडले.

"तुझं काम नव्हतं हे, ठाऊक आहे मला," त्या इतक्या हळू म्हणाल्या की देवालाही पुढे वाकावं लागलं असतं. "पण माझ्या नावानं शब्द गेला होता."

मसुऱ्याची गाडी लागलेली होती. सकाळपासून पोटात पाण्याचा घोट नव्हता. त्या खिडकीशी बसल्या, पाकिटाला घडी पडू नये म्हणून पर्स मांडीवर आडवी धरली. कंडक्टरनं घंटी मारली. दिवस मावळायला अजून दोन तास होते.